साहेबाचे कट्टे आणि हेलियमचा शोध



आजच्या विषयाचे स्थळ पेडण्यापासून दूर नाही. तेरेखोल ओलांडून बांदा, सावंतवाडी, कुडाळ, कणकवली असे वर सरकत गेलो आणि तळेऱ्याहून समुद्राकडे वळलो की वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग लागतो. नकाशावर सरळ रेषा ओढली तर पेडण्याहून अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. १७८८ साली पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला आणि नदीची सीमा झाली. तरी आपली सोयरीक, आपले देव, आपल्या जत्रा आणि आपली भाषा यांनी ती सीमा कधी पुरती मानली नाही. म्हणून विजयदुर्गाची गोष्ट ही शेजारघरची गोष्ट आहे. तीत चूक राहिली असेल तर ती आपल्या माणसांनीच, प्रेमाने दुरुस्त केली पाहिजे.

विजयदुर्गाचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. आदिलशाहीतला घेरिया शिवछत्रपतींनी घेतला, आंग्र्यांनी तो सागरी सत्तेचे ठाणे केला, आणि १७५६ साली पेशवे व इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला, तो याच खाडीत. याच किल्ल्यात काही चौथरे आहेत. गावकरी त्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात, कोणी ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. हा साहेब म्हणजे सर नॉर्मन लॉकियर, सूर्यप्रकाशाच्या अभ्यासात ज्याचे नाव अग्रभागी घेतले जाते तो इंग्रज शास्त्रज्ञ. प्रचलित गोष्ट अशी की, १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लॉकियरने या कट्ट्यांवर दुर्बीण मांडली आणि येथूनच सूर्यावरच्या हेलियम वायूचा शोध लावला. अलीकडच्या काही वर्षांत त्या तारखेला विजयदुर्गावर हेलियम दिन साजरा होतो. शाळांची मुले येतात, भाषणे होतात.

मीही ही गोष्ट अनेकदा सांगितली आहे, व्यासपीठावरून आणि घरी मुलांनाही. पुढे कागदपत्रे वाचताना लक्षात आले की गोष्टीचा अर्धा भाग पूर्ण खरा आहे आणि अर्धा भाग खरा नाही. खरा भाग ऐकीव भागापेक्षा कमी मोलाचाही नाही. तो वेगळा आहे, इतकेच. त्याची फोड आज आपल्यापुढे करावयाची आहे.

प्रथम लॉकियर कोण, हे पाहू. त्याचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडात रग्बी येथे झाला. पोटापाण्यासाठी तो लंडनला युद्धखात्यात कारकून होता. खगोलशास्त्र हा त्याचा फावल्या वेळचा नाद. कचेरीतून घरी यावे आणि दुर्बिणीला डोळा लावावा, असा त्याचा क्रम. विद्यापीठाची पदवी गाठीशी नसलेला हा कारकून पुढे सौरशास्त्राचा अग्रणी झाला. ४ नोव्हेंबर १८६९ रोजी त्याने ‘नेचर’ हे विज्ञानाचे साप्ताहिक सुरू केले आणि पन्नास वर्षे त्याचे संपादन केले. आजही जगभरच्या शास्त्रज्ञांना आपला निबंध ‘नेचर’मध्ये छापून यावा असे वाटते. मराठी माणसाला येथे एक योगायोग आठवल्याशिवाय राहत नाही. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर हे आद्य मराठी संपादक. त्यांचे गाव पोंभुर्ले विजयदुर्गाच्याच देवगड तालुक्यात, आणि त्यांचाही कुलाब्याच्या वेधशाळेशी संबंध होता. छापखाना आणि वेधशाळा ही दोन्ही जगे जोडणारी माणसे त्या शतकात दोन्हीकडे होती.

लॉकियरचे हत्यार होते वर्णपटदर्शक. काचेच्या लोलकातून सूर्यप्रकाश गेला की त्याचे सात रंग फाकतात, हे न्यूटनपासून माहीत होते. १८१४ च्या सुमारास जर्मनीत फ्राउनहोफरने तो रंगांचा पट्टा बारकाईने न्याहाळला, तेव्हा त्यात शेकडो बारीक काळ्या रेषा आढळल्या. त्यांतल्या ठळक रेषांना त्याने ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली. त्या कशाच्या, हे सुमारे पंचेचाळीस वर्षांनी किरखॉफ आणि बुन्सेन यांनी उलगडले. प्रत्येक मूलद्रव्य तापले की ठरावीक रंगांच्या रेषा देते. कोणत्याही दोन मूलद्रव्यांच्या रेषा सारख्या नसतात. यातला एक प्रयोग आपल्या स्वयंपाकघरात आपसूक घडतो. मीठ घातलेली पेज उतू जाऊन चुलीत सांडली की ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. वर्णपटदर्शकातून पाहिले तर तेथे अगदी जवळजवळ दोन पिवळ्या रेषा दिसतात. फ्राउनहोफरच्या अक्षरांत त्या डी-१ आणि डी-२. म्हणजे प्रकाश पाहून पदार्थ ओळखता येतो, मग तो पदार्थ चुलीत असो की नऊ कोटी मैलांवरच्या सूर्यात. या एका गोष्टीने खगोलशास्त्राचे रूप बदलले. तोवर ग्रहतारे कोठे आहेत हे मोजणे एवढेच काम होते. आता ते कशाचे बनले आहेत हे विचारता येऊ लागले.

खग्रास ग्रहणात चंद्र सूर्यबिंब पूर्ण झाकतो, तेव्हा कडेला तांबड्या ज्वाला दिसतात. त्या सूर्याच्या की चंद्राच्या, यावर बरीच वर्षे वाद होता. १८६० च्या स्पेनमधल्या ग्रहणात घेतलेल्या छायाचित्रांनी त्या सूर्याच्याच, हे ठरले. पण त्या कशाच्या बनल्या आहेत, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर वर्णपटदर्शकच देऊ शकत होता, आणि त्याची पहिली मोठी संधी होती १८ ऑगस्ट १८६८. त्या दिवशी श्रावणातली अमावास्या होती, म्हणजे आपली पिठोरी.

चंद्राची छाया त्या दिवशी एडनवरून अरबी समुद्र ओलांडून कोकणाच्या किनाऱ्यावर आली आणि दख्खन ओलांडून कृष्णेच्या मुखाकडे गेली. विजयदुर्ग त्या पट्ट्यात होता. मात्र वेध घ्यायला आलेली मंडळी कोठे बसली होती ते पाहा. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन गुंटूरला. इंग्रज सरकारचे मेजर टेनंट, तेही गुंटूरला. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणला. त्यांचे साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीला. आणि थोर खगोलज्ञ विल्यम हर्शेलचा नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखिंडीला. कोकणच्या किनाऱ्याला ही मंडळी का आली नाहीत, हे आपल्या भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. श्रावणात देवगड किंवा पेडण्याच्या समुद्रकाठी उभे राहून भर सकाळी सूर्य दिसेल, यावर कोण पैज लावील? सह्याद्रीच्या पूर्वेला पावसाची छाया, तिकडे आभाळ उघडे मिळण्याची आशा. तेथेही जमखिंडीत हर्शेलला ढगांनी सतावलेच. मग ऐन पावसाळ्यात, मोलाची यंत्रे घेऊन, कोणी विजयदुर्गाच्या तटावर येऊन बसणे संभवत नाही.

यापेक्षाही पक्का पुरावा लॉकियरचा स्वतःचा आहे. त्या दिवशी तो हिंदुस्थानात नव्हताच. तो इंग्लंडात होता आणि एका यंत्राची वाट पाहत होता.

१८६६ पासून त्याच्या मनात एक कल्पना घोळत होती. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला एरवी दिसत नाहीत, कारण आभाळाचा उजेड त्यांना झाकून टाकतो. पण आभाळाचा उजेड सर्व रंगांचा असतो. वर्णपटदर्शकाने तो ताणला की फिका पडत जातो. ज्वालांचा प्रकाश मात्र मोजक्या रेषांत एकवटलेला, तो ताणूनही ठळकच राहतो. तेव्हा पुरेसे प्रभावी यंत्र असेल तर ग्रहणाची वाट न पाहता, कोणत्याही दिवशी ज्वाला पाहता येतील. सरकारी अनुदानातून असे यंत्र बनवायला टाकले, पण कारागिरांकडून ते येता येता दोन वर्षे गेली. ऑक्टोबर १८६८ च्या मध्यास ते हाती आले आणि २० ऑक्टोबरला लॉकियरला सूर्याच्या कडेवर तेजस्वी रेषा दिसल्या.

इकडे गुंटूरला जान्सेनच्या डोक्यात तोच विचार ग्रहण पाहतानाच चमकला होता. त्या रेषा इतक्या ठळक होत्या की ग्रहण सुटल्यावरही त्या दिसतील, असे त्याला वाटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने त्या पाहिल्याही. त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला पत्र लिहिले. पत्राला बोटीने हिंदुस्थानातून फ्रान्सला पोचायला आठवडे लागले. लॉकियरचे पत्र मात्र खाडी ओलांडून लगेच गेले. २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत अकादमीपुढे दोन्ही पत्रे आली. पहिला कोण, याचा तंटा न करता फ्रेंच सरकारने पुढे एक पदक पाडले आणि त्यावर दोघांचे चेहरे शेजारी शेजारी कोरले. श्रेय वाटून घेण्याची अशी उदाहरणे शास्त्राच्या इतिहासात फार नाहीत, आणि साहित्यसंस्थांच्या इतिहासातही फार नसावीत.

आता हेलियमकडे येऊ. त्या रेषांत एक पिवळी रेषा होती. ग्रहणाच्या दिवशी ती अनेकांनी पाहिली. पिवळी म्हणजे सोडियमचीच, असे बहुतेकांनी गृहीत धरले. मछलीपट्टणला पॉगसनने मात्र ती सोडियमच्या जागी नेमकी बसत नाही, असे नोंदवले. त्याचा अहवाल मद्रास सरकारकडे सादर झाला आणि विलायतेत फारसा कोणाच्या वाचनात आला नाही. लॉकियरने आपल्या नव्या यंत्राने दिवसामागून दिवस ती रेषा मोजली आणि ती डी-१, डी-२ यांपासून वेगळी असल्याचे सिद्ध केले. तिला नाव पडले डी-३. रसायनज्ञ फ्रँकलंडबरोबर त्याने प्रयोगशाळेत पुष्कळ खटपट केली, पण पृथ्वीवरचा कोणताही पदार्थ ती रेषा देईना. तेव्हा हे सूर्यावरचेच काही अज्ञात मूलद्रव्य असावे, असा तर्क झाला. ग्रीकांच्या सूर्यदेवावरून त्याला हेलियम हे नाव मिळाले. ते धातूच असेल या समजुतीने, सोडियम-पोटॅशियमच्या चालीवर, शेवटी ‘इयम’ लागले. पुढे ते वायू निघाले, पण नाव तसेच राहिले.

जवळजवळ पाव शतक अनेक रसायनज्ञ या ‘सूर्यावरच्या’ मूलद्रव्याला हसत होते. १८९५ च्या मार्चमध्ये विल्यम रॅम्झे याने युरेनियमयुक्त खनिज आम्लात टाकून निघालेला वायू तपासला, तेव्हा त्याला एक अनोळखी पिवळी रेषा दिसली. ती डी-३ निघाली. वायूचा नमुना लॉकियरकडेही गेला. सत्तावीस वर्षे जो पदार्थ त्याने केवळ प्रकाशाच्या एका रेषेवरून ओळखला होता, तो आता काचेच्या नळीत त्याच्या टेबलावर आला.

म्हणजे हेलियमच्या शोधाला एक जागा आणि एक दिवस नाही. गुंटूर, मछलीपट्टण, जमखिंडी, लंडन अशी ती साखळी आहे, आणि १८६८ ते १८९५ इतकी ती लांब आहे. त्या साखळीत लॉकियरची कडी लंडनची आहे, विजयदुर्गाची नाही.

मग साहेबाचे कट्टे खोटे का? मुळीच नाही. आता गोष्टीच्या खऱ्या अर्ध्या भागाकडे येतो.

ग्रहणांनी लॉकियरची परीक्षा पाहिली होती. १८७० साली सिसिलीला जाताना त्याचे जहाज किनाऱ्याजवळ खडकावर आदळले, आणि ग्रहणाच्या दिवशी ढगांतून खग्रास अवस्था क्षणभरच दिसली. १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी तो प्रथम हिंदुस्थानात आला आणि मलबार किनाऱ्यावरच्या बेकलच्या किल्ल्यात त्याने तळ दिला. ऑगस्ट १८९६ मध्ये नॉर्वेच्या उत्तर टोकाला तो आरमारी खलाशांची मोठी तुकडी घेऊन गेला. सारी तयारी झाली आणि ऐन वेळी आभाळ भरून आले. पुढचे ग्रहण होते २२ जानेवारी १८९८, शनिवार, पौष अमावास्या. छाया पुन्हा कोकणच्या किनाऱ्यावर उतरणार होती. या वेळी महिना जानेवारीचा, आणि जानेवारीचे आमचे आभाळ कसे असते ते सांगायला नको.

लॉकियर तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता आणि नुकताच ‘सर’ झाला होता. त्याने विजयदुर्ग निवडला. खाडीत ‘मेलपोमेनी’ ही आरमारी नौका नांगरली. तिचे कप्तान चिझम-बॅटन आणि खलाशी मदतीला आले. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले प्राध्यापक पेडलर आले. ज्यांच्या व्याख्यानांनी प्रफुल्लचंद्र राय रसायनशास्त्राकडे ओढले गेले, ते हेच पेडलर. जड यंत्रांना हादरा बसू नये म्हणून भक्कम पाया लागतो, चौथरे लागतात. खलाशांकडून दिवसेंदिवस कवायत करून घेणे ही लॉकियरची पद्धत होती. कोणी वेळ मोजायची, कोणी छायाचित्राची काच बदलायची, कोणी सूर्याच्या किरीटाचे चित्र काढायचे, हे ठरवून द्यायचे. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची. दोन मिनिटांत चुकायला वाव नसतो. ज्यांनी दशावतारात ऐन प्रवेशाच्या वेळी पडद्यामागे उभे राहून काम केले असेल, त्यांना ही धडधड समजेल.

मुख्य यंत्र होते लोलक बसवलेला कॅमेरा. भिंगापुढे लोलक ठेवला की खग्रास लागण्याच्या आणि सुटण्याच्या क्षणी सूर्याची जी बारीक कोर उरते, तिचे एकच चित्र उमटत नाही. त्या कोरीतल्या प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रत्येक रंगाची वेगळी कोर शेजारी शेजारी उमटते. हायड्रोजनची वेगळी, कॅल्शियमची वेगळी, हेलियमची वेगळी. सूर्याच्या ज्या पातळ तांबड्या थराला लॉकियरनेच नाव दिले होते, ज्याला मराठीत आपण वर्णगोल म्हणतो, त्याचे हे वर्णपट. एकच धातू साध्या ज्योतीत तापवला आणि विजेच्या ठिणगीत तापवला तर त्याच्या काही रेषा ठळक होतात, काही मंदावतात, हे त्याने प्रयोगशाळेत पाहिले होते. वर्णगोलात कोणत्या रेषा बळावतात ते पाहून तेथल्या उष्णतेचा अंदाज बांधायचा, हा त्याचा हेतू.

त्या दिवशी आभाळ स्वच्छ राहिले. निरीक्षणांचा अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये १९०१ साली प्रसिद्ध झाला. लेखक तिघे, लॉकियर, चिझम-बॅटन आणि पेडलर, आणि शीर्षकातच विजयदुर्गाचे नाव, इंग्रजी वळणाने ‘विझियाद्रुग’ असे. ज्या किल्ल्याचे नाव तोवर आरमारी लढायांच्या अहवालांत येत असे, ते सूर्यप्रकाशाच्या अभ्यासाच्या अहवालात आले.

त्याच ग्रहणाच्या वाटेवर पुढे सोलापूर जिल्ह्यात जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते, आणि आपले कावसजी दादाभाई निगमवालाही होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांनी उभी केली. विलायतेत असताना लॉकियरच्याच सल्ल्याने ते वर्णपटाच्या अभ्यासाकडे वळले होते. जेऊरच्या निरीक्षणांचा त्यांचा अहवालही छापला गेला आहे. म्हणजे त्या दिवशी या प्रांतात साहेबच तेवढा आभाळाकडे पाहत होता, असे नाही. दोनच वर्षांपूर्वी, १८९६ मध्ये, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासाचा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. काळही साधा नव्हता. मुंबई-पुण्यात प्लेगने माणसे मरत होती आणि लोकमान्य राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. अशा दिवसांत ग्रहण म्हणजे अरिष्टाची खूण, असे सामान्य माणसाला वाटले तर नवल नाही. मराठीत ‘वेध’ शब्दाचे दोन अर्थ आहेत. ग्रहणाचे वेध लागतात तेव्हा आपण चूल विझवतो, पाण्यात तुळशीपत्र टाकतो. आणि ग्रहणाचा वेध घेतला जातो तो दुर्बिणीतून. २२ जानेवारी १८९८ च्या दुपारी विजयदुर्गाच्या परिसरात दोन्ही अर्थ एकाच वेळी चालू असणार.

तेव्हा दोन ग्रहणे, तीस वर्षांच्या अंतराने, एकाच किल्ल्यावरून गेली. एखाद्या ठिकाणी खग्रास सूर्यग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा येते. येथे एकाच माणसाच्या हयातीत दोनदा सूर्य भर दिवसा विझला. अशा दोन आठवणी एकमेकींत मिसळल्या तर दोष कोणाला द्यावा? पुस्तकांत हेलियमची तारीख १८ ऑगस्ट १८६८, शोधकर्ता लॉकियर. गावात लॉकियरचे कट्टे. दोन्ही खरे. जोडताना तीस वर्षे गळाली, असा माझा तर्क आहे. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना १६ फेब्रुवारी १९८० चे ग्रहण आठवत असेल. खग्रासचा पट्टा आपल्या दक्षिणेला अंकोल्याकडून गेला. त्या दिवशी आपण घरात होतो की अंगणात, अंधार किती झाला, हे चार भावंडांना विचारले तर चार उत्तरे येतात, आणि ती तर आपल्याच डोळ्यांसमोरची गोष्ट!

स्मृती अशी सरकते म्हणूनच आपले पूर्वज दगडावर तारीख कोरत. आपल्या डिचोली तालुक्यातले नार्व्याचे सप्तकोटीश्वर पाहा. शिवछत्रपतींनी देवळाचे काम केले, हे आपण केवळ ऐकीव म्हणून सांगत नाही. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार, असा शिलालेख तेथे आहे. इसवी सनात १६६८, हेलियमच्या त्या ग्रहणाआधी बरोबर दोनशे वर्षे. त्या चार ओळींमुळे साडेतीन शतके कोणाला वाद घालता आला नाही. विजयदुर्गाच्या कट्ट्यांवर अशी ओळ कोरली गेली असती, तर आज या व्याख्यानाची गरज पडली नसती.

लॉकियरच्या नावाने जगात काय काय आहे, हेही पाहू. इंग्लंडात डेव्हन परगण्यात सिडमथजवळच्या टेकडीवर त्याने १९१२ साली एक वेधशाळा काढली. १६ ऑगस्ट १९२० रोजी तो वारला, त्यानंतर तिला त्याचे नाव मिळाले आणि ती आजही चालू आहे. मंगळावर लॉकियर नावाचे एक विवर आहे आणि जान्सेन नावाचेही आहे. चंद्राच्या दक्षिण भागात जान्सेनच्या नावाचे एक प्रचंड विवर आहे, आणि त्याच्याच पश्चिम कडेवर लहानसे लॉकियर विवर बसले आहे. पदकावर शेजारी कोरलेले ते दोघे चंद्रावरही शेजारी आहेत. पॉगसनच्या नावाचा एक लघुग्रह आहे, आणि ताऱ्यांची तेजस्विता मोजण्याची त्याची पट्टी आजही वापरात आहे. रघुनाथाचारी यांनी एक रूपविकारी तारा शोधला, तरी त्यांचे नाव शालेय पुस्तकात शोधावे लागते. आणि विजयदुर्गावर? तेथे लॉकियरचे नावच नाही. तेथे तो नुसता ‘साहेब’ आहे. चौथऱ्यांसाठी दगड ज्यांनी वाहिले, त्यांचे तर तेवढेही नाही. तरीही मला ‘साहेबाचे कट्टे’ हे नाव फार आवडते. वेधशाळेचे नाव सभेत ठरते, विवराचे नाव समितीत ठरते. हे नाव पाहणाऱ्यांनी ठेवले. गावात परका माणूस आला, त्याने काहीतरी विलक्षण केले, याची ती साक्ष आहे. लोकस्मृती तारखेत चुकली, माणसात आणि जागेत चुकली नाही.

काही मित्र म्हणतात, ‘गोष्ट सुंदर आहे, मुले त्या निमित्ताने विज्ञानाकडे वळतात, कशाला मोडता घालता?’ मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. माझे उत्तर असे. ज्या माणसाने एका पिवळ्या रेषेची जागा किंचित वेगळी आहे एवढ्यावरून ‘हे सोडियम नव्हे’ असे म्हटले, त्याचा सन्मान करताना आपण तीस वर्षांची चूक कशी चालवून घ्यावी? डी-२ आणि डी-३ यांतले अंतर डोळ्यांना न दिसण्याइतके थोडे. ‘पिवळी आहे ना, मग झाले’ असे तो म्हणाला असता तर हेलियम हाती लागले नसते. शिवाय चुकीच्या अभिमानाला एक धोका असतो. उद्या बाहेरचा कोणी जाणकार येईल, १८६८ खोटे आहे असे दाखवील, आणि मग आपली मुले १८९८ वरही विश्वास ठेवणार नाहीत. खऱ्या इतिहासाला खोट्याच्या जोडीने बुडवण्याचे पाप आपल्या माथी येईल.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. १८ ऑगस्टचा हेलियम दिन अवश्य साजरा व्हावा. त्या दिवशी गुंटूर, मछलीपट्टण आणि जमखिंडीचीही आठवण व्हावी. आणि २२ जानेवारीला, स्वच्छ आभाळाखाली, विजयदुर्गाचा स्वतःचा दिवस साजरा व्हावा. कट्ट्यांजवळ दोन ओळी कोराव्यात: साल १८९८, पौष अमावास्या, येथे सूर्याचा वेध घेतला गेला. लॉकियरबरोबर ‘मेलपोमेनी’वरच्या खलाशांचा आणि गावच्या लोकांचाही उल्लेख असावा.

दुसरी विनंती आपणा सर्वांना आहे, विशेषतः पेडणे आणि डिचोलीतल्या जुन्या घरांना. आपल्या माडीवर, देवघराच्या फडताळात, पेटाऱ्यांत जुनी पंचांगे आहेत, जमाखर्चाच्या चोपड्या आहेत, मोडीतली पत्रे आहेत. कोणा पूर्वजाने पिठोरी अमावास्येच्या किंवा पौष अमावास्येच्या पानावर ग्रहणाची, दानाची, अंधाराची दोन अक्षरे लिहिली असतील तर ती वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी बाहेर काढा. मोडी वाचणारी माणसे अजून आपल्यात आहेत, पण ती फार दिवस पुरणार नाहीत. नदीच्या पलीकडे साहेबाने काय पाहिले, ते रॉयल सोसायटीने छापून ठेवले. नदीच्या अलीकडे आपल्या माणसांनी काय पाहिले, ते कोणी छापलेले नाही. ते काम या मंडळाचे आहे, आणि आपले आहे.